सुजाताला न सांगितलेला फायदा

हे मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. बायकोशी नाही, डेस्कवरच्या मित्रांशी नाही, आणि जिच्याशी बोलायला हवं होतं तिच्याशी तर नाहीच. का नाही बोललो? बोलायला गेलो की मी तपशील सौम्य करतो. लिहिताना तेवढी मुभा मिळत नाही — म्हणून लिहितो आहे.

मी यवतमाळच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. त्याआधी सरकारी शिष्यवृत्तीवर एक वर्ष इंग्लंडच्या विद्यापीठात शिकलो. दारव्ह्यातल्या आमच्या वस्तीतून परदेशी शिकायला गेलेला पहिलाच. परत आलो तेव्हा बसस्थानकासमोर माझा फ्लेक्स लागला होता. विहारात सत्कार झाला. भाषणात मी म्हणालो, आईबाबांसाठी परत आलो. टाळ्या पडल्या. खरं म्हणजे तिकडे नोकरी मिळाली नाही, व्हिसा संपला, म्हणून आलो होतो. पण कबूल करायचं आहे ते हे नव्हे. एवढं खोटं तर परतणारा कुणीही बोलतो — नाही का?

मला परत यायचं नव्हतं. हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. अजूनही मी फोनवर त्या शहराचं हवामान पाहतो. मे महिन्यात इथलं डांबर चपलेला चिकटत असतं आणि मी पाहत असतो — तिथे ढगाळ, संध्याकाळी पाऊस. कशासाठी पाहतो? छत्री मला थोडीच न्यायची आहे. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी एक टेबल होतं. खाली ओली छपरं, लांबवर चर्चचं टोक. बातम्यांची बैठक चालू असते, कुणी पुसदच्या पाणीटंचाईबद्दल बोलत असतं, आणि माझ्या मनात येतं — आत्ता त्या टेबलाशी कोण बसलं असेल?

सुजाता माझी धाकटी बहीण. रसायनशास्त्रात एम.एस्सी. आमच्या जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड आहे. गावोगावी पिवळे, डागाळलेले दात दिसतात. तिला त्यावर काम करायचं होतं. मी परतल्यावर काही वर्षांनी तिलाही तिकडच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीही जवळपास निश्चित होती. फक्त होकार कळवायचा होता.

बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘‘ते साहेब बोटीनं गेलते शिकाले. तू तं विमानानं जाशीन. कायले भेतं?’’ आमच्यासारख्या घरात समुद्रापार शिकायला जाणं म्हणजे काय असतं, हे मी वेगळं सांगायला नको.

पण सुजाताला बाबांचं सांगणं पुरलं नाही. तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. थंडीचे दिवस होते. अंगणात आई, ती आणि मी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो.

‘‘दादा, भाषण नको देऊ,’’ ती म्हणाली. ‘‘फायदे काय, तोटे काय, सरळ सांग. तू म्हणशीन तं जातो.’’

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. ऐनवेळी जाहिरात आली की पानावरची बातमी खालून कापतात. म्हणून महत्त्वाचं वर लिहायचं, आणि गेलं तरी चालेल ते शेवटी. हे पहिल्या आठवड्यातच शिकवतात. दुसरी गोष्ट कुणी शिकवत नाही, ती हाताला आपोआप येते — जे वाचकापर्यंत जायला नको, तेही शेवटी ठेवता येतं. एकही शब्द खोटा न लिहिता.

मी तोट्यांपासून सुरुवात केली. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो. खोलीच्या भिंतींना ओल असते. आपलं इंग्रजी त्यांना दोनदा ऐकावं लागतं, आणि दुसऱ्यांदा बोलताना आपलाच आवाज खाली जातो. मी हॉटेलात भांडी घासली. बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं ते मला झाल्यावर कळलं. परत आल्यावर इथल्या मुलाखतीत विचारलं, या पदवीचा आम्हाला काय उपयोग? सगळं खरं. नाव, जागा, प्रसंगासकट खरं. आईचे हात थांबले होते.

मग फायदे. ग्रंथालय मोठं आहे, म्हणालो. प्रयोगशाळा चांगल्या असतात. शिक्षकांना एखादी गोष्ट येत नसली तर ते सरळ ‘येत नाही’ म्हणतात. हे मी असं सांगितलं, जसं आम्ही बातमीच्या शेवटी ‘आभार अमुक यांनी मानले’ असं लिहितो.

एक फायदा राहिला होता. खरं तर तोच पहिला होता.

इथे नाव सांगितलं की आडनाव विचारतात. आडनावावरून कळलं नाही तर गाव. गावावरूनही कळलं नाही तर — घर कोणत्या बाजूला? नोकरीच्या ठिकाणी, भाड्याच्या खोलीसाठी, लग्नाच्या पंगतीत. सुजाताला हे माझ्याइतकंच माहीत होतं, यवतमाळात एम.एस्सी. करताना तिने खोली तीनदा बदलली होती. इंग्लंडात पहिल्याच दिवशी वर्गावर आलेल्या बाईंनी माझं आडनाव विचारलं. का, तर नीट उच्चारता यावं म्हणून. दोनदा म्हणून पाहिलं, हसल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. पुढचा प्रश्न आलाच नाही. मी त्याची वाट पाहत बसलो होतो. तिथल्या दोन भारतीय मुलांनी नंतर तो विचारला, हेही नोंदवतो. आणि रंगावरून दुकानात नोकर माझ्यावर नजर ठेवत मागे फिरला, तेही. पण त्या बाई पुढे वळल्या तेव्हा अंगावरून जे उतरलं, ते जन्मल्यापासून माझ्या अंगावर होतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

हे सांगितलं असतं तर ती गेली असती. मला ते माहीत होतं. तेवढ्यात आईने हात झटकले आणि म्हणाली, ‘‘उठा, भाकरी थंड होऊन राह्यल्या.’’

मी उठलो.

सुजाताने नकार कळवला. बाबा बरेच दिवस तिच्याशी मोजकंच बोलले; माझ्याशी नेहमीसारखे. आज ती पुसदच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. दुःखी आहे, असं मी लिहिणार नाही. तसं तिने कधी म्हटलेलं नाही. फ्लोराइडवरचं काम मात्र राहिलं.

मी असं का केलं? ती गेली असती तर परतली नसती. दर रविवारी फोनवर मला तिच्या आवाजात ते आयुष्य ऐकावं लागलं असतं. मला हवं होतं ते तिला मिळालेलं मला बघवलं नसतं. हे कारण आहे. याची सबब होत नाही.

गेल्या महिन्यात पुसदला तिच्याकडे गेलो होतो. तिने पायल नावाची एक विद्यार्थिनी बोलावून ठेवली होती — तांड्यावरची, चुणचुणीत, बाहेर शिकायला जायचं म्हणून अडून बसलेली. ‘‘याले विचार,’’ सुजाता तिला म्हणाली, ‘‘दादा फुगवून सांगत नाही.’’

मी घसा साफ केला. पायल मध्येच म्हणाली, ‘‘सर, तोटे राहू द्या. ते तं सारे सांगतात. तुम्हाले काय आवडलं ते सांगा.’’

आणि मी आडनावाचं सांगितलं. सगळ्यात आधी तेच. किती वेळ बोललो कोण जाणे. पायलच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ती हसली. सुजाता चहाचा ट्रे हातात धरून दारातच उभी होती.

पायल गेल्यावर सुजाताने कप गोळा केले. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘हे मले काहून नाही सांगितलं तवा?’’

‘‘विसरलो असीन,’’ मी म्हणालो.

‘‘हं,’’ ती म्हणाली, आणि कप विसळायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मी विसरलो नव्हतो. अंगणात ते वाक्य माझ्या ओठांवर होतं. ती जाऊ नये म्हणून मी ते बोललो नाही.