दोन जीबी कोनं खाल्ल्या?

या जगात जेवढी म्हणून मापं आहेत, त्या सगळ्यांशी आमच्या सिहोऱ्याच्या मावसाजींचं एकदा तरी भांडण झालेलं आहे. मीटरशी झालं, लिटरशी झालं, पावसाच्या मिलिमीटरशी तर दरवर्षी होतं. त्यांच्या बांधीत धानाचं रोप बुडेस्तोवर पाणी साचलेलं असतं आणि टीव्हीवर कुणीतरी बोटाच्या पेराएवढा आकडा सांगतं. मग मावसाजी टीव्हीसमोर उभे राहून निवेदिकेला विचारतात, "बाई, तू कधी बांधीत उतरली होती काय वो?" कापडाच्या दुकानात ते स्वतःच्या हातानं कापड मोजून बघतात. दुकानदाराची पट्टी आणि मावसाजींचा हात यांत फरक पडला, तर चूक पट्टीची असते. मावशी म्हणते, "यायले स्वर्गात नेलं तं आधी तेथचा काटा तपासतीन." एवढं असून मनात अढी कुणाबद्दल नाही. ज्या दुकानदाराशी सकाळी भांडतात, त्याच्याच बाकावर दुपारी चहा पितात, आणि तो कप किती लहान झाला यावरून पुन्हा भांडतात.

अशा माणसाच्या आयुष्यात केबी, एमबी आणि जीबी आले ते दंडारीमुळे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईला रात्रभराची दंडार हवीच. गाणी, नाच, सोंगं, सगळं त्यात. गावच्या दंडारीत राणीचं काम वर्षानुवर्षं मावसाजींचं. मिशी उतरवून, लुगडं नेसून ते उभे राहिले की गावातल्या बायकासुद्धा निऱ्या बघायला पुढं सरकत. मागच्या मंडईच्या आधी गुडघ्यानं जवाब दिला आणि मावसाजींनी जाहीर केलं, हे शेवटचं काम. नेमकी तेव्हाच धाकटी मुलगी वैशाली पुण्यात अडकलेली. दिवस भरत आलेले, डॉक्टरांची प्रवासाला सक्त मनाई. तिनं फोनवर रडून सांगितलं, "बाबा, पुरी दंडार पाठवा. तुकडे पाठवसान तं बोलणार नाही."

शूटिंगवाला बोलावला. त्यानं अख्खी दंडार एका फाइलीत बांधून माझ्या लॅपटॉपवर टाकून दिली, कारण तुमसरला राहणारा आणि लॅपटॉप बाळगणारा भाचा मी एकटाच. मावसाजींनी नमुना म्हणून एक गाणं आधी मोबाईलवरून पाठवलं. मोबाईलनं ते पिळून-पिळून असं बारीक केलं की वैशालीचा उलट फोन आला, "बाबा, राणी कोनती अन् खांब कोनता, समजूनच नाही राहिलं."

मावसाजी संतापले. "पोरीले धुकं पाठवलं आपुन!" म्हणत तडक माझ्याकडे आले, वाटेत बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन. मी तो लॅपटॉपला लावला. पडद्यावर एकोणतीस पूर्णांक आठ जीबी असा आकडा उमटला आणि मावसाजी खुर्चीतून उठलेच.

"डब्यावर बत्तीस लिवलं हाय. बाकीच्या दोन जीबी कोनं खाल्ल्या?"

मी समजवायला बसलो. म्हटलं, मावसाजी, एक इंग्रजी अक्षर म्हणजे धानाचा एक दाणा, त्याला बाइट म्हणायचं.

"अन् मराठी अक्षर?"

"त्याला बहुतेक तीन लागतात."

"काहून? आमच्या अक्षरानं कोनाचं काय केलं?" मग जरा विचार करून, "असू दे. आपलं अक्षर वजनदार हाय."

असे एक हजार चोवीस बाइट म्हणजे एक केबी, तेवढ्याच केबींची एमबी, तेवढ्याच एमबींची जीबी. फोटो एखाद-दोन एमबीचा, गाणं चार-पाचचं, आणि रात्रभराच्या दंडारीला जीबीच लागणार. इथवर मान हलत होती. पण हजारावरचे चोवीस दाणे त्यांच्या घशात अडकले. मी सांगितलं, हा संगणकाचा हिशेब. कंपन्या मात्र साध्या हजारानं मोजतात. एकदम मावसाजींचे डोळे चमकले.

"म्हंजे कंपनीची पायली सपाट, अन् या यंत्राची शिगेची!"

अगदी बरोबर. धान तेवढंच, सपाट पायलीनं बत्तीस भरतं आणि शीग लावून मोजलं की तीसलाही पोचत नाही. मला वाटलं, समजलं म्हणजे आता शांत होतील. उलट समजल्यामुळे संतापाला धार आली. "मंग डब्यावर तसं लिवा ना! घेनाऱ्याच्या घरी कोनती पायली हाय हे इकनाऱ्याले माहीत नाही काय?" खरं सांगायचं तर आता मलाही राग येतो.

पुढचा अपमान तर याहून मोठा. दंडारीची फाइल सात जीबीची. पेनड्राइव्ह कोरा. तरी फाइल आत जाईना. जुन्या पद्धतीच्या मांडणीमुळे चार जीबीपेक्षा मोठी कुठलीही फाइल तो अख्खी घेत नव्हता. मी हळूच सुचवलं, दोन तुकडे करू.

"कोठी रिकामी, अन् दार लहान म्हनून मी पोतं फाडू? राणी अर्धी इकडे अन् अर्धी तिकडे?"

शेवटी पेनड्राइव्ह फॉरमॅट करून नवी मांडणी दिली, आणि दंडार सबंध आत गेली. लॅपटॉपवरचा आकडा आणि पेनड्राइव्हवरचा आकडा मावसाजींनी बोट ठेवून ताडून पाहिला. मग टपालावर आणि कुरिअरवर अविश्वास जाहीर करून ते मावशीला घेऊन स्वतःच पुण्याला गेले.

पुढचं वैशालीनं मला फोनवर सांगितलं. टीव्हीवर दंडार लागली. आवाज कमी आहे, रंग फिका आहे, टीव्ही आडवा जास्त आणि उभा कमी आहे, असं मावसाजींचं चाललेलं. एका गाण्यात शूटिंगवाल्यानं कॅमेरा लोकांकडे फिरवला. ताडपत्रीवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या, आणि मावशीच्या शेजारी माणूसभर जागा रिकामी. वैशालीनं चित्र तिथंच थांबवलं.

"आई, एवढ्या गर्दीत ही जागा कोनासाठी धरली होती?"

मावशी उठून स्वयंपाकघरात गेली. मावसाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीच सांगतलं होतं तिले. लहानपनापासून तू तेथीच बसत होती. तेथी दुसरं कोनी बसलं असतं, तं मी गानं कोनाकडे पाहून म्हनलं असतं?"

यंदाच्या मंडईला राणीचं काम दुसऱ्यानं केलं. मावसाजी नातीला, वैशालीच्या लेकीला, मांडीवर घेऊन ताडपत्रीवर बसले होते. नवी राणी एका कडव्यात चुकली, तेव्हा मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं; आता उठतात, आता ओरडतात. ते नातीचं टोपडं सारखं करत राहिले. ओठ मात्र हलत होते, बिनआवाजाचे, चुकलेलं कडवं बरोबर म्हणत.