शून्य नंबरची जास्वंद

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. आज सकाळी नातीमुळे ती ओठांवर आली.

गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालताना सई मोठ्यानं मोजत होती, "शून्य, एक, दोन..."

"अगं, पहिली कुंडी शून्य कशी?"

"आजोबा, कॉम्प्युटरच्या पायथॉन भाषेत असंच मोजतात!" ती खिदळली. शून्य नंबरची जास्वंद पाणी पिऊन टवटवीत झाली होती.

मलाही हसू आलं. माझ्या तरुणपणीच्या फोरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेत मोजणी एकपासून असे. पुढे कारखान्यात सी भाषा आली, तिच्यात शून्यापासून. हाताला वळण मात्र जुनंच. दिवाळीच्या मिठाईची यादी छापायला मी प्रोग्राम लिहिला आणि एकेक नाव छापत जाणारा लूप एकपासून सुरू केला. शून्यावर बसलेलं पहिलं नाव, आमचे शिपाई अनंतराव, छापलंच गेलं नाही. यादीतली नावं टाइप करणाऱ्या नलिनीताईंवर सगळे घसरले, "डुलकी लागली होती वाटतं, ताई?" त्यांनी हसत हसत आपला मिठाईचा पुडा अनंतरावांच्या हातात ठेवला. खरी चूक मला त्याच संध्याकाळी सापडली. एकाच्या जागी शून्य लिहिलं आणि मी गप्प राहिलो.

सईनं आज एकही कुंडी कोरडी ठेवली नाही. शून्यापासून मोजताना कुणीच सुटत नाही, यातला आनंद मला तेव्हा कळला नव्हता. ज्यांना खरं सांगायचं, त्या नलिनीताई आता हयात नाहीत. ताई, ते नाव तुमच्याकडून नव्हे, माझ्याकडून गळलं होतं. मला माफ करा.