आधी तारा

आमच्या आर्णीतले हे सर कॉलेजात संस्कृत शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी माझ्या औषधाच्या दुकानासमोर येतात आणि माझ्या स्कूटरच्या सीटवरच्या धुळीत बोटाने लिहितात. संस्कृतातलं 'अस्ति', लॅटिनमधलं 'एस्त'. ज्या भाषेतून या दोन्ही निघाल्या, ती कोणी कधी लिहून ठेवली नाही. तिचे प्रत्यय कसे असतील, ते सर अशी शब्दांची शेपटं ताडून ठरवतात. ठरलेलं रूप लिहिण्याआधी न चुकता एक तारा काढतात. मला त्यातलं काही कळत नाही. सीट तेवढी पुसली जाते.

"तारा कायले, सर?" मी एकदा विचारलं.

"हे कोणी आयकलंच नाही ना बापा. आपून अंदाजानं बांधलं. तारा नसन, तं थे लबाडी झाली."

मागच्या महिन्यात यवतमाळच्या दवाखान्यात त्यांची बायको वारली. सर तेव्हा गोळ्या आणायला खाली उतरले होते. तेरवी आटोपल्यावर ते पुन्हा दुकानासमोर आले, तेव्हा त्यांच्या शेजारच्या काकू औषध घेत होत्या. म्हणाल्या, "शेवटाले तुम्हालेच हाक मारली असन त्यायनं."

"तुम्ही आयकली?"

"नाही जी. पण दुसऱ्या कोणाले मारतीन?"

सरांनी सीटवर तारा काढला आणि त्यापुढे लिहिलं, 'अहो'. बराच वेळ बघत राहिले. मग अंगठ्याने तेवढा तारा पुसून टाकला.