चार टिंबांचं स्वस्तिक

अक्षरांपायी बायको, मेहुणी आणि गरम जेवण एकदमच विसरणारा माणूस अख्ख्या कॅलिफोर्नियात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. सनीव्हेलच्या एका कंपनीत तो कॉम्प्युटरसाठी फॉन्ट बनवतो. लग्नपत्रिका हातात आली की आधी 'श'ची गाठ तपासतो. लग्न कुणाचं हे सर्वांत शेवटी. मेनूकार्डावरच्या अक्षरांमधलं अंतर चुकलं म्हणून एकदा तो हॉटेलातून उपाशी उठला आणि त्याच्यामागे आम्हालाही उठावं लागलं. नवा लॅपटॉप तर झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढल्याशिवाय तो सुरूच करत नाही. एकदा ते पुसायचं विसरून तसाच मीटिंगला गेला आणि संध्याकाळपर्यंत एचआरला कुंकू म्हणजे काय ते समजावत बसला.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या मराठी फॉन्टमध्ये स्वस्तिक घालायचंच, असा त्याने चंग बांधला. कंपनी बिचकत होती. साडूने चाळीस स्लाइड तयार केल्या. आपलं सरळ उभं, नाझींचं तिरकं. आपल्याला चार टिंबं, त्यांना एकही नाही. "अरे, दारावरचं आहे ते, झेंड्यावरचं नाही. सिंपल आहे यार," असं तो रोज फोनवर मलाच पटवायचा, जणू परवानगी मीच अडवून धरली होती.

स्लाइड दाखवायच्या मीटिंगला त्याच्या शेजारच्या टेबलावरची सहकारी होती. ज्यू घरातली, आणि वीस वर्षं साडूच्या बायकोच्या शंकरपाळ्यांवर हक्क सांगणारी. ती एवढंच म्हणाली, की तिच्या आजीने एका सकाळी ते चिन्ह स्वतःच्या दारावरच रंगवलेलं पाहिलं आणि त्याच दिवशी घर सोडलं. साडूने लॅपटॉप मिटला. मग तीच म्हणाली, "ठेव तू. फक्त कुणी शोधल्याशिवाय समोर येऊ देऊ नकोस." चिन्ह राहिलं, फॉन्टच्या तक्त्यात अगदी शेवटच्या रांगेत.

यंदा ती दिवाळीच्या फराळाला आली, तेव्हा साडूच्या दारात कमळाची रांगोळी होती.

"तुझं ते चार टिंबांचं कुठे गेलं?" तिने विचारलं.

साडू तिला आत देवघरापाशी घेऊन गेला. पाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक ती बराच वेळ पाहत राहिली.

"तिसरं टिंब जरा खाली सरकलंय," ती म्हणाली.

जन्मात कुणाची दुरुस्ती ऐकून न घेतलेल्या माझ्या साडूने करंडा उघडला आणि बोटाने ते टिंब वर घेतलं. त्या दिवशी मला तो फार आवडला.