सात विहिरींची गोधडी

माझी गोधडी आईने दुरुस्त केली, तेही स्पर्धेला न्यायच्या आदल्या दुपारी. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता. बाबांची गिरणी सुटली ती सुटलीच, ते अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका गेटवर बसायचे. तिथल्याच एका कपड्यांच्या कारखान्यात मी तयार शर्टांचे लोंबणारे धागे कापायचे. कारखान्यात डिझाइन करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला एक परदेशी मासिक दाखवलं. त्यात गोधड्या भिंतीवर टांगलेल्या. एकीत नुसता दुष्काळ होता, मातकट पट्ट्या आणि मधून एकच निळा दोरा. दुसरी कुणीतरी मेलेल्या नवऱ्याच्या टायांची केलेली. दोन्हींना मोठमोठी बक्षिसं मिळालेली. "टाके नको बघूस, कल्पना बघ," बाई म्हणाल्या. मी बघितली आणि खुळीच झाले.

मुंबईत एक कलासंस्था अशाच गोधड्यांची स्पर्धा घेणार होती. मी नाव दिलं, पण घरात त्या वेळी माझ्यासाठी स्थळं बघणं जोरात चाललं होतं. मग मी बाबांशी करार केला. बक्षीस मिळालं तर दोन वर्षं लग्नाचा विषय काढायचा नाही. नाही मिळालं तर बोरिवलीचं जे स्थळ आलंय, त्यांच्यासमोर गपचूप पोह्यांची बशी घेऊन जायचं. बाबा युनियनमधले, करार म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. "मान्य," म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

माझी कल्पना होती, विमानातून दिसेल तशी अंधेरी. रस्ते बाबांच्या जुन्या खाकी पँटचे, वर्सोव्याची खाडी माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टची. आईच्या हिरव्या लुगड्याची आरे कॉलनी केली आणि तिच्यावर दुधाच्या बाटल्यांची चंदेरी झाकणं धुऊन शिवली. आणि आमच्या आसपासच्या सात विहिरी, ज्या बिल्डिंगींसाठी बुजवल्या होत्या, तिथे मी सात भोकं कापली. आरपार. कडा मुद्दाम विसकटलेल्या. बघणाऱ्याला त्यातून मागची भिंत दिसायला हवी, असा माझा गंभीर विचार होता. मला त्याचा फार गर्व झाला होता.

आदल्या दिवशी कामावरून आले तर गोधडी नीट घडी घालून खाटेवर ठेवलेली. उलगडली. सातही भोकं गायब. प्रत्येक जागी लाल खणाचा गोल तुकडा, आणि त्याच्यावर गोलात गोल, गोलात गोल असे बारीक टाके.

"आई, हे काय केलंस?"

"भोकं होती."

"मी कापली होती ती!"

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आलाय. मग कळलं, बोरिवलीच्या मंडळींना तिनेच प्रदर्शनाचं आमंत्रण दिलं होतं, मुलीच्या हातचं काम बघायला म्हणून. आणि मुलीच्या हातचं काम ठिकठिकाणी फाटकं. रागावली की आई मालवणीत जायची. "लोकां काय म्हणतली गो?"

"अगं त्या विहिरी होत्या. बुजवलेल्या विहिरी."

"बुजवलेल्या ना? मग भोक कसं राहील? बुजवली म्हणजे भरली."

मी आणखी जोरात ओरडले. टाके उसवायला बसले तर ते इतके घट्ट की कापडच फाटायला लागलं. लागली ना वाट, म्हटलं, आणि रडले. सकाळी गोधडी होती तशी नेऊन दिली.

पहिलं बक्षीस मिळालं.

समारंभाला आई आणि बाबा दुसऱ्या रांगेत, शेजारी बोरिवलीची मंडळी. मुख्य परीक्षक होत्या पांढऱ्या केसांच्या एक बाई. त्यांनी बक्षिसाच्या वहीत माझी सही घेतली, माइक माझ्या हातात दिला आणि विचारलं, "या लाल गोलांमागची कल्पना काय?" मी म्हणाले, माणसं विहीर बुजवतात, पण खाली पाणी असतंच, आणि हे त्याचे तरंग. कुठून आलं तोंडात देव जाणे. टाळ्या पडल्या.

बाई मात्र गोधडीला नाक लावून उभ्या होत्या. "बाकीचे टाके एकीकडे कललेत, गोलांतले दुसरीकडे. हे डाव्या हाताचे आहेत," त्या म्हणाल्या. "तू तर आत्ता उजव्या हाताने सही केलीस."

आई डावखुरी होती. आणि टाक्यांना मदत चालेल, पण कल्पना स्वतःचीच हवी, असा नियम होता. माझी दोन वर्षं मला समोरून जाताना दिसली.

तेवढ्यात आई उठून उभी राहिली. "ते माझे टाके. तिने सांगितले तसे मी घातले. कल्पना सगळी तिची."

भाजीत मीठ जास्त पडलं तरी आपणहून सांगणारी ही बाई. पर्स पोटाशी धरून, एवढ्या लोकांत, मी काय, नुसती हाताखालची, असं सांगत उभी. गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं, आणि मला गप्प बसायचंही होतं. पण मला स्वतःची इतकी लाज वाटली की सहन होईना.

"खोटं बोलतेय ती," मी माइकमध्ये म्हणाले. "मला न विचारता केलंय तिने. मी तिच्याशी भांडले. आणि ते तरंगबिरंग मला आत्ताच सुचलं."

आधी परीक्षक बाई हसल्या, मग सगळा हॉल. त्या बाकीच्या परीक्षकांशी कुजबुजल्या आणि बक्षीस दोघींना अर्धं अर्धं जाहीर केलं. प्रमाणपत्रावर माझ्या नावाखाली पेनने आईचं नाव लिहिलं. बोरिवलीची मंडळी चहाला न थांबता गेली. मुलगी फार बोलते, असा निरोप नंतर आला.

अंधेरी स्टेशनवरून घरी जाताना बसमध्ये बाबांनी बोटांवर हिशोब केला. मग म्हणाले, "करार तुझ्या बक्षिसाचा होता. तुला मिळालं अर्धं. म्हणजे एक वर्ष."

मी भांडायला तोंड उघडलं. आई खिडकीशी बसली होती, मांडीवर प्रमाणपत्र. तिने मान वळवली नाही.

"मग माझ्या अर्ध्याचं पण एक वर्ष होतंय," ती बाबांना म्हणाली. "तेही तिलाच द्या. मला सतराव्या वर्षी हवं होतं. आता घेऊन काय करू?"