भागीरथाचा डावा पाय

भागीरथाचा डावा पाय न्हातीधुती व्हायच्या वयात सुजला तो पुन्हा उतरला नाही. लग्नात पातळाच्या घोळात झाकून गेला, पण वेचणीच्या कामात वाढतच चालला. तेल्हाऱ्याच्या सासरी त्याला एकच नाव होतं, हत्तीपाय. सासू मैनाबाईने तिची न्हाणी वेगळी केली, चपला दाराबाहेर काढायला लावल्या. गोळ्या वाटणारा सरकारी माणूस दर साली सांगायचा की हा रोग मच्छरापासून होतो, शिवल्याने नाही. पण ऐकतो कोण! खुद्द भागीरथालाही धास्ती होती. तिने आपल्या लेकीला, प्रियदर्शनीला, त्या पायाशी कधी बसू दिलं नाही.

ते दिवस वऱ्हाडात वाईट होते. कोणी फवारणीचं औषध प्यालं की गावात गाड्यांची रांग लागायची. साहेब यायचे, पुढारी यायचे, कॅमेरे यायचे. मणभर जड पाय ओढत कापूस वेचणाऱ्या जित्या बाईकडे त्यातल्या एकानेही वळून पाहिलं नाही. आपल्याकडे माणूस दिसायला आधी मरावं लागतं, दुसरं काय!

आणि मग प्रियदर्शनीचा घोटा सुजला.

“तूच लावला तिले,” मैनाबाई म्हणाली.

भागीरथाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी राखली पोरगी, ती काय याच्यासाठी? माझं झालं ते झालं, पण हिचा पाय मी असा होऊ देणार नाही, असं तिने सासूच्या तोंडावर सांगितलं आणि पोरीला घेऊन अमरावतीची एसटी धरली.

राजापेठेतल्या डॉक्टर शाइस्ता यांनी दोघींचे पाय अंगठ्याने दाबून पाहिले. रक्ताचे जुने कागदही पाहिले, त्यात जंतू कधीच सापडला नव्हता.

“ताई, हा हत्तीपाय नाही. हा कोणी कोणाला लावला नाही. जन्माचा दिसतोय.”

“म्हंजे?”

“अंगात रक्ताच्या नळ्या असतात तशा लसिकेच्याही असतात. अंगात मुरलेलं पाणी त्या वर ओढून नेतात. ते खाली परतू नये म्हणून त्यांत झडपा असतात. त्या नळ्यांच्या पेशी एकमेकींना निरोप देतात. पेशीपेशीत बारीक वाटा असतात, प्रथिनांच्या. कापसाचं गाठोडं चौघींनी मिळून उचलायचं आणि एकीची हाक दुसरीला पोचलीच नाही, तर?”

“गाठोडं खालीच राहील.”

“तसंच आहे. वाटेचं प्रथिनच बिघडलेलं असलं की झडपा नीट काम करत नाहीत आणि पाणी पायात साचतं. काही घराण्यांत हे पिढ्यान् पिढ्या चालतं, हे आत्ता दोन-चार वर्षांखाली कळलंय. पक्की तपासणी मोठ्या शहरात होईल. तुमच्या माहेरी कोणाचा पाय असा होता का?”

“नाही जी.”

“बरं. यावर औषध नाही. पण पहिल्यापासून बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधली, की पाय हाताबाहेर जात नाही. तुमचा कोणी वेळेवर बांधला असता तर एवढा झाला नसता.”

डॉक्टर प्रियदर्शनीच्या पायाला पट्टी गुंडाळू लागल्या आणि भागीरथाला बाबाच्या पट्ट्या आठवल्या. तिचे वडील किसनराव हिवरखेडला वनरक्षक होते. रानात साप-काट्यांपायी बांधतो म्हणत ते दोन्ही पायांना पट्ट्या बांधत. नोकरी सुटून किती सालं झाली, रान सुटलं, पट्ट्या सुटल्या नाहीत. बाबाचा उघडा पाय तिने जन्मात पाहिला नव्हता.

ती घरी गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी पोरीसकट थेट हिवरखेडला जाऊन बाबाच्या ओसरीतल्या खाटेसमोर उभी राहिली.

“बाबा, पट्टी सोडा.”

“कावून?”

“सोडा म्हन्लं ना!”

म्हाताऱ्याने नातीच्या पट्टी बांधलेल्या घोट्याकडे पाहिलं आणि आपल्या दोन्ही पट्ट्या सोडल्या. उजवा पाय बरा होता. डावा घोट्याशी फुगलेला, पण पायासारखा पाय होता.

“कधीपासून?”

“पोरपनापासून. माह्या मायलेही होता.”

“मंग मले कावून नाही बांधली?”

“लोकायनं इचारलं असतं. माहा पाय उघडा पडला असता. तुह्यं लगन—”

“माह्या लगनाचं नाव नका घेऊ! तुमी पट्टीत लपले, अन् मी चपला बाहेर काढल्या! माह्या लेकराले मी माह्या पायाशी बसू नाही देलं, बाबा!”

“चुकलं माह्यं.”

“चुकलं म्हनून पाय उतरते का?” तिने प्रियदर्शनीला दंडाला धरून खाटेवर बसवलं. “आता हिले शिकवा. आत्ताच्या आत्ता.”

किसनरावांनी नातीचा पाय मांडीवर घेतला, डॉक्टरांची पट्टी सोडली. बोटांपासून सुरुवात केली, टाचेला तिढा दिला, घोट्यावर फुली घातली, वर जाता जाता ताण सैल केला. पट्टीला एक सुरकुती पडली नाही. म्हातारे हात कुठे थबकले नाहीत. भागीरथा ते पाहत होती आणि तिचा राग निवण्याऐवजी भडकत होता.

“इतकं चांगलं येत होतं तुमाले,” ती ओरडली, “इतकं चांगलं येत होतं!”