मिशीवाल्यांचं उतरलेलं पाणी

दर सोमवारी आप्पा माशांच्या पाण्यानं अंघोळ करीत आणि वर ते ऐटीत सांगत. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी नांदेडहून कचेरीत कारकून म्हणून आलो आणि या कापड दुकानदाराच्या मागच्या खोलीत राहू लागलो. ओल्या अंगाला पंचा गुंडाळून त्यांनी मला घराचा कायदा सांगितला, "ताजं पाणी माशांना. त्यांचं उतरलेलं मला. माझं उतरलेलं पेरूला."

दुष्काळ होता. जिल्ह्याला पाट्या नव्या मिळाल्या होत्या, पाणी तेवढं मिळायचं राहिलं होतं. टँकर आठवड्यातून एकदा येई.

"माशाच्या पाण्यानं न्हाऊन लिंगपूजेला बसतेत व्हय कुणी?" त्यांच्या पत्नी, आक्का, विचारत.

"मासे माझ्यापेक्षा जास्ती न्हातेत," आप्पा म्हणत.

बदली झालेल्या एका साहेबांनी माशांची काचेची पेटी आप्पांच्या गळ्यात मारली होती. आत सहा मासे. बोटाच्या दोन पेरांएवढे, मिशांनी तळ चाचपत फिरणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. साहेब म्हणाले होते, हे तळ झाडतात, वेगळं खाणं लागत नाही. आप्पांना ते पटलं नाही. "झाडणाऱ्याला जेवण न्हाई, हे कोन्या कायद्यात हाय?" तळाला बसेल असं खाणं ते स्वतः चिमटीनं सोडत. टोचरे खडे काढून त्यांनी मांजरा नदीची बारीक वाळू चाळून घातली होती. "मिशा झिजल्यावर इज्जत काय राहिली?" म्हणताना त्यांचा हात स्वतःच्या झुपकेदार मिशीवर जाई.

घर शुद्ध शाकाहारी, त्यामुळे गल्लीच्या थट्टेला ऊत. "आप्पा, रस्सा कधी?"

"त्यांना इचारून सांगतो."

टँकर पंधरा दिवसांवर गेला तेव्हा आक्कांनी निकाल दिला. नांदेडला गोदावरी आहे, पाण्याला तोटा नाही. शनिवारी मी घरी जाईन तेव्हा मासे माझ्याबरोबर जातील. आप्पा दुकानात कापड मापताना दोनदा चुकले. शुक्रवारी संध्याकाळी रांजणातलं दोन दिवस मुरलेलं गार पाणी, स्वतःच्या वाट्याचं, त्यांनी तांब्यातांब्यानं पेटीत ओतलं.

"पाव्हण्याला न्हाऊ घालून धाडावं," एवढंच म्हणाले.

सकाळी मी झाकणाचा डबा घेऊन उभा राहिलो, तर आप्पा पेटीपुढं उकिडवे. काचेवर साबुदाण्याहून बारीक, पाणीदार दाणे चिकटलेले.

"नांदेडकर, गार पाणी लागलं, त्यांना वाटलं पाऊस आला. अंडी घातलेत." मग हळूच, "हे आई-बापच खाऊन टाकतेत. येगळी ठेवाय पाहिजेत."

मी एस्टीची वेळ सांगितली. आप्पांनी मान हलवली आणि मासे माझ्या डब्यात काढायला जाळी उचलली.

आक्का आल्या. वाकून बघत राहिल्या. मग आत गेल्या, आणि जिथं माशांची जाळीसुद्धा त्या येऊ देत नसत, त्या स्वयंपाकघरातून लोणच्याची रिकामी बरणी घेऊन आल्या. दोन पाण्यांनी धुतलेली.

"ह्यात ठेवा," त्या आप्पांना म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "आन तुमी ते डबडं खाली ठेवा. बाळंतिणीला कुणी एस्टीत घालतं व्हय?"